हरणाऱ्या संघाने आपला स्टार विकावा का? एनबीए ट्रेडविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी उजाडला, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये ट्रेडची, म्हणजे संघांनी आपसांत खेळाडू बदलण्याची, मुदत जवळ आली की तेच तेच प्रश्न यायला लागतात. बहुतेक मेसेज सकाळी साडेआठ-नऊचे असतात. तिकडचा सामना संपलेला असतो, इकडे लोकल पकडायची घाई असते आणि मधल्या पाच मिनिटांत माणूस वैतागून टाइप करतो, ‘विकून टाका एकदाचा!’ दरवर्षी तीच उत्तरं नव्याने लिहायचा कंटाळा आला म्हणून ती इथे एकत्र केली आहेत. सगळं सलग वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ट्रेड म्हणजे नक्की काय? आयपीएलसारखे पैसे मोजून खेळाडू का घेता येत नाही?

२०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला तो रोखीच्या व्यवहारात. एनबीएतही थोडी रोख रक्कम देता येते, पण तिला वर्षाची मर्यादा आहे आणि स्टारच्या किमतीपुढे ती चहापाण्याइतकीच. जुन्या काळी असं नव्हतं. १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने विल्ट चेंबरलेनसारखा माणूस फिलाडेल्फियाला दिला तो तीन खेळाडू आणि दीड लाख डॉलरच्या बदल्यात.

आता व्यवहार होतो तो खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा ड्राफ्ट पिक (प्रश्न २) असा, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पगार साधारण जुळावे लागतात. म्हणून पाच कोटी डॉलर कमावणाऱ्या माणसासोबत दोन-तीन अनोळखी नावं इकडून तिकडे जाताना दिसतात. ती तराजूतली वजनं असतात.

आयपीएलशी आणखी एक फरक आहे. तिथे खेळाडूची संमती लागते. एनबीएत, अगदी मोजके अपवाद सोडले तर (प्रश्न १०), त्याला कोणी विचारत नाही.

२. पिक, अदलाबदलीचा हक्क, ‘अनप्रोटेक्टेड’... हे सगळं सोपं करून सांगाल का?

दरवर्षी जूनमध्ये ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत नवे खेळाडू निवडले जातात आणि वाईट खेळलेल्या संघांना आधी निवडायला मिळतं. त्या निवडीचा हक्क म्हणजे पिक, आणि तो सात वर्षं पुढचाही देता येतो. ‘अनप्रोटेक्टेड’ म्हणजे बिनशर्त: माझा संघ शेवटचा आला आणि पिक पहिला निघाला, तरी तो तुमचा. शर्त घातलेला पिक ठरावीक क्रमांकाच्या आत आला तर मूळ मालकाकडेच राहतो. अदलाबदलीचा हक्क म्हणजे तुमचा आणि माझा पिक यांतला बरा मी घेणार.

लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीचा एकही पिक हाती नाही, अशी वेळ स्वतःवर आणता येत नाही. १९८० च्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिक खिरापतीसारखे वाटले, त्यानंतर हा नियम आला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जातो. असं अमरत्व कोणालाही नको.

एका वाचकाने ‘पिक’ला ‘पीक’ लिहिलं होतं. चूक असली तरी अर्थ बरोबर लागतो. पेरलं म्हणून उगवतंच असं नाही.

३. संघ हरतोय म्हणजे दोष स्टारचाच ना? सगळ्यात जास्त पगार तोच घेतो.

बहुतेक वेळा नाही. केविन गार्नेटचं उदाहरण बघा. २००४ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण मिनेसोटा त्या वर्षानंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, पोहोचेना. त्याच्याभोवती संघ उभाच राहिला नव्हता. त्यातच जो स्मिथशी केलेल्या गुप्त कराराची शिक्षा म्हणून लीगने २००० साली मिनेसोटाचे पहिल्या फेरीचे अनेक पिक काढून घेतले होते. २००७ च्या जुलैत गार्नेट बॉस्टनला गेला. आदल्या वर्षी २४ सामने जिंकलेल्या बॉस्टनने ६६ जिंकले आणि जेतेपदही मिळवलं. माणूस तोच, शेजार बदलला.

उलटीही गोष्ट आहे. २००७ च्या उन्हाळ्यात कोबी ब्रायंटने उघडपणे ट्रेड मागितला. त्या वर्षी त्याचा संघ, लॉस एंजेलिस लेकर्स, ४२-४० होता (४२ विजय, ४० पराभव). त्यांनी त्याला सोडलं नाही आणि २००८ च्या फेब्रुवारीत पाऊ गॅसॉल आणला. त्यानंतर २००९ आणि २०१० ची जेतेपदं आली.

दोष स्टारकडे खरोखर जातो तो दुखापती वाढल्या, वय झालं आणि पगार मात्र शिखरावर राहिला तेव्हा. गंमत अशी, की त्या वेळेपर्यंत त्याला घ्यायलाही कोणी पुढे येत नाही.

४. मग विकावा की नाही? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात होणार नाही, पण एका प्रश्नात होईल: स्टार गेल्यावर तुम्ही जे सामने हराल, त्या हरण्याचा फायदा कोणाला मिळणार आहे?

तुमचे पुढच्या तीन-चार वर्षांचे पिक तुमच्याच हातात असतील, तर वाईट वर्षांतून निदान काही उगवू शकतं. ते आधीच कोणाला देऊन बसला असाल तर तुम्ही हराल आणि पहिल्या पाचातला पोरगा दुसराच घेऊन जाईल. अशा संघाने स्टार विकणं म्हणजे घर विकून भाड्याने राहायचं आणि घरपट्टीही आपणच भरायची.

या प्रश्नाचं उत्तर समाधानकारक असेल तर पुढचे दोन प्रश्न येतात: कराराची किती वर्षं उरली आहेत (प्रश्न ६), आणि घेणारा संघ तरुण आहे की म्हातारा (प्रश्न ७). चाहते आधी विचारतात, ‘कोण मिळणार?’ माझ्या मते तो चौथा प्रश्न आहे.

५. स्वतःचे पिक आधीच देऊन टाकले असतील तर काहीच मार्ग नाही का?

आहे, पण क्रम चुकता कामा नये. ब्रुकलिन आणि फिनिक्स यांच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचा, कारण त्यांतला एक दोरा सामायिक आहे.

ब्रुकलिनने जेम्स हार्डनसाठी २०२१ मध्ये आपले पिक ह्यूस्टनला दिले होते. पुढे हार्डन गेला, केविन ड्युरँट गेला, कायरी अर्विंग गेला आणि संघ मधल्यामध्ये लटकला. हातात होता मिकाल ब्रिजेस. चांगला खेळाडू, पण ऑल-स्टार (मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यातला) कधीच नव्हे. २०२४ च्या जूनमध्ये ब्रुकलिनने एकाच वेळी दोन कामं केली. ह्यूस्टनला फिनिक्सचे पिक देऊन स्वतःचा २०२६ चा पिक परत घेतला आणि २०२५ मधल्या अदलाबदलीच्या जाचातून सुटका करून घेतली. आणि ब्रिजेसला न्यूयॉर्कला देऊन पहिल्या फेरीचे पाच पिक मिळवले, त्यातले चार बिनशर्त. आधी हरण्याचा हक्क परत मिळवला, मग हरायला घेतलं. इतकं नीटनेटकं काम क्वचित बघायला मिळतं.

आता फिनिक्स. ह्यूस्टनला मिळालेले ते पिक मुळात फिनिक्सनेच २०२३ मध्ये ड्युरँटसाठी ब्रुकलिनला दिले होते. २०२४-२५ मध्ये ड्युरँट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील असे तिघे असूनही फिनिक्स ३६-४६ वर घसरला. त्यांचा पिक दहावा निघाला आणि गेला ह्यूस्टनकडे. त्या उन्हाळ्यात फिनिक्सने ड्युरँट ह्यूस्टनला दिला आणि मोबदल्यात जे मिळालं त्यात हाच दहावा पिक होता. म्हणजे आपलाच पिक परत मिळवायला ड्युरँट द्यावा लागला.

तेव्हा ‘बुकरलाही विका’ म्हणणारे खूप होते. फिनिक्सने त्याला ठेवलं. मला ते पटलं. पुढच्या वर्षांचे पिकही हातात नव्हते, मग हरायचं कोणासाठी?

६. विकायचाच असेल तर कधी?

करारात निदान दोन वर्षं उरलेली असताना. घेणाऱ्याला ‘हा पुढच्या जूनमध्ये निघून गेला तर?’ ही धास्ती नसते, म्हणून तो जास्त देतो.

पॉल जॉर्ज हा एकच माणूस दोनदा विकला गेला, तो हिशेब बघा. २०१७ मध्ये त्याने इंडियाना पेसर्सना कळवून टाकलं की मी २०१८ मध्ये जाणार. जेमतेम एक वर्ष उरलेलं, आणि ते सगळ्यांना माहीत. इंडियानाला ओक्लाहोमा सिटीकडून व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांतास सबोनिस मिळाले. पिक एकही नाही. तेव्हा मी हसलो होतो, जाहीरपणे लिहूनही ठेवलं होतं आणि मित्र अजून त्याचा स्क्रीनशॉट पाठवतात. (तो ट्रेड इतका वाईट का ठरला नाही, ते प्रश्न १४ मध्ये.)

२०१९ मध्ये ओक्लाहोमा सिटीने त्याच जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे पाठवलं. तोवर त्याने नवा मोठा करार केला होता, आणि कवाय लेनर्ड क्लिपर्सकडे यायला तयार होता तो सोबत दुसरा स्टार मिळण्याच्या अटीवर. अडला हरी ती हीच गत. क्लिपर्सनी शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि वर अदलाबदलीचे हक्क मोजले. माणूस एकच, दोन वर्षांनी मोठा झालेला, आणि किंमत कितीतरी पट.

अजिबातच न विकण्याचं टोक म्हणजे ड्युरँट. २०१६ च्या जुलैत तो ओक्लाहोमा सिटी सोडून गोल्डन स्टेटला गेला आणि जुन्या संघाला बदल्यात काही मिळालं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. पण त्या वर्षी ते पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत ३-१ ने पुढे होते. अशा संघाने स्टार विकायला हवा होता असं मी तरी म्हणणार नाही. हा प्रश्न हरणाऱ्या संघांचा आहे.

७. मोबदल्यात काय मागावं? तयार खेळाडू की पिक?

पिक मागत असाल तर आधी घेणाऱ्या संघाचं वय बघा. तुम्ही त्याला स्टार देताय, म्हणजे त्याला चांगलं करताय, म्हणजे त्याचेच पिक स्वस्त करताय. स्टार विकून त्याच संघाचे पिक घेणं ही आपल्याच माणसाविरुद्ध लावलेली पैज असते.

युटाने २०२२ मध्ये डोनोव्हन मिचेल क्लीव्हलँडला दिला आणि २०२५, २०२७, २०२९ चे बिनशर्त पिक घेतले. क्लीव्हलँडचा संघ तरुण. २०२४-२५ मध्ये त्यांनी ६४ सामने जिंकले, त्यामुळे त्या वर्षीचा पिक पहिल्या फेरीच्या तळाशी गेला. युटाचा त्या ट्रेडमधला खरा लाभ म्हणजे सोबत आलेला लाउरी मार्कानेन, ज्याच्याबद्दल त्या दिवशी कोणी फारसं बोलत नव्हतं.

आता २०१३ चं बॉस्टन बघा. ३७ वर्षांचा गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पियर्स ब्रुकलिनला दिले. ब्रुकलिनचा मालक श्रीमंत आणि उतावळा, संघ म्हातारा. बॉस्टनने मागितले दूरचे बिनशर्त पिक. ब्रुकलिन कोसळला. २०१६ चा पिक तिसरा निघाला, त्यातून जेलन ब्राउन आला. २०१७ ची अदलाबदल थेट पहिल्या क्रमांकाची निघाली. तिथून बॉस्टन एक व्यवहार करून तिसऱ्यावर सरकला आणि जेसन टेटम घेतला. २०२४ मध्ये दोघांनी जेतेपद आणलं.

पिक मिळणं आणि नीट वापरणं यातही फरक आहे. गार्नेट गेल्यावर मिनेसोटाकडे २००९ मध्ये पाचवा आणि सहावा असे दोन पिक होते. दोन्हीवर त्यांनी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारे एकाच जागेचे खेळाडू, घेतले, रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने स्टीफन करीला उचललं. मिनेसोटा २००४ नंतर प्लेऑफमध्ये दिसला तो थेट २०१८ साली.

८. स्टार विकायचा, मुद्दाम हरायचं आणि पहिला पिक घ्यायचा. इतकं सोपं नाही का?

नाही. २०१९ पासून लॉटरीत, म्हणजे पहिले पिक कोणाला ते ठरवणाऱ्या सोडतीत, सगळ्यात वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्केच शक्यता असते. २०२३ आणि २०२४ मध्ये डेट्रॉइट, २०२५ मध्ये युटा: तिन्ही वर्षी लीगमधला सगळ्यात वाईट संघ पाचव्या क्रमांकावर ढकलला गेला. १७ जिंकायचे, ६५ हरायचे, वर्षभर तिकिटं काढणाऱ्या लोकांची तोंडं बघायची, आणि लॉटरीच्या रात्री पाचवा.

त्याच २०२५ च्या रात्री १.८ टक्के शक्यता असलेला डॅलस पहिला आला. त्याची वेगळीच कथा आहे (प्रश्न १२).

९. स्टारनेच ट्रेड मागितला तर संघाच्या हातात काय उरतं?

करार. चाहत्यांना वाटतं त्यापेक्षा ते बरंच काही असतं.

करीम अब्दुल-जब्बारने १९७४-७५ च्या मोसमाच्या सुरुवातीला मिलवॉकीला गुपचूप सांगितलं की मला न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस हवं. मिलवॉकीने मोसम काढला आणि १९७५ मध्ये लेकर्सकडून चार खेळाडू घेतले. त्यातले ज्युनियर ब्रिजमन आणि ब्रायन विंटर्स उत्तम निघाले आणि मिलवॉकी पुढे बरीच वर्षं चांगला संघ राहिला. पण लेकर्सना करीमसोबत पाच जेतेपदं मिळाली आणि मिलवॉकीला पुढचं जेतेपद मिळालं २०२१ मध्ये. म्हणजे ट्रेड ‘चांगला’ करूनही हिशेब असा निघू शकतो.

२०१९ मध्ये अँथनी डेव्हिसच्या एजंटने मागणी जाहीरपणे केली म्हणून लीगने डेव्हिसला ५० हजार डॉलर दंड केला. गुपचूप मागा, उघड मागू नका, एवढाच त्याचा अर्थ. न्यू ऑर्लिन्सने फेब्रुवारीत दबावाखाली न विकता उन्हाळ्यापर्यंत थांबून ब्रँडन इंग्राम, लोन्झो बॉल, जॉश हार्ट आणि पिकांची रास घेतली.

डेमियन लिलार्डने २०२३ मध्ये मायामीच पाहिजे म्हणून सांगितलं. पोर्टलँड तीन महिने शांत बसला आणि सप्टेंबरात त्याला मिलवॉकीला दिलं. २०२५ मध्ये टाच दुखावून मिलवॉकीतून मोकळा झालेला लिलार्ड परत पोर्टलँडलाच आला. दोघांनी कडवटपणा ठेवला नाही, हे बघून बरं वाटलं.

१०. खेळाडू ‘नाही’ म्हणू शकतो असा काही करार असतो ना?

असतो, आणि तो देणारा संघ नंतर डोकं धरून बसतो. नकाराधिकार मागायला लीगमध्ये आठ आणि त्या संघात चार वर्षं झालेली असावी लागतात, तरीही तो फार थोड्यांना मिळतो. वॉशिंग्टनने २०२२ मध्ये ब्रॅडली बीलला पाच वर्षांचे २५.१ कोटी डॉलर दिले आणि वर हा अधिकारही दिला. पुढच्याच वर्षी विकायची वेळ आली तेव्हा कुठे जायचं ते बील ठरवत होता. फिनिक्सकडून मिळालं काय? ३८ वर्षांचा क्रिस पॉल, दुसऱ्या फेरीचे पिक आणि काही अदलाबदलीचे हक्क. पहिल्या फेरीचा एकही सरळ पिक नाही.

तो अधिकार बीलबरोबर फिनिक्सलाही गेला. म्हणून नंतर फिनिक्सलाही त्याला हलवता येईना आणि २०२५ मध्ये करार पैसे देऊन मिटवावा लागला. एक सही आणि दोन संघ अडकले.

११. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक आपले मुंबईकर आहेत ना? त्यांनी स्टार विकला तेव्हा काय झालं?

विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा, बालपण जुहूचं. २०१३ पासून किंग्जची मालकी त्यांच्या गटाकडे आहे. आडनावामुळे मराठी वाचकांना हा संघ अर्धा आपला वाटतो आणि त्यामुळे हरल्याचा रागही दुप्पट येतो.

२०१७ च्या फेब्रुवारीत ऑल-स्टार सामन्याच्या रात्री त्यांनी डिमार्कस कझिन्स न्यू ऑर्लिन्सला दिला आणि बडी हील्ड, आणखी दोन खेळाडू आणि दोन पिक घेतले. व्यवस्थापक व्लादे दिवाच यांनी नंतर स्वतःच सांगून टाकलं की दोन दिवसांपूर्वी याहून चांगला सौदा हातात होता. विकून झाल्यावर असं कोणी बोलतं का? पण निर्णय चुकीचा नव्हता. कझिन्सचा करार दीडच वर्षाचा उरला होता आणि पुढच्या जानेवारीत त्याची टाचेची शीर तुटली.

आता मुंबईचा दुवा. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स यांचे दोन सामने झाले, भारतात झालेले एनबीएचे पहिले. पेसर्सनी पहिला १३२-१३१ असा जादा वेळेत घेतला, दुसरा १३०-१०६. दुसऱ्या दिवशी मी वरच्या रांगेत होतो. एका बाजूला हील्ड, दुसऱ्या बाजूला सबोनिस. सराव चालू असताना शेजारचा मुलगा विचारत होता की या लाल दाढीवाल्याचं नाव काय. अडीच वर्षांनी, २०२२ च्या फेब्रुवारीत, हे दोघे एकाच ट्रेडमध्ये समोरासमोरच्या संघांत गेले. सबोनिस किंग्जकडे, हील्ड आणि टायरीस हॅलिबर्टन पेसर्सकडे.

किंग्जनी २०२३ मध्ये ४८ सामने जिंकून १६ मोसमांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला. पेसर्स हॅलिबर्टनच्या जोरावर २०२५ च्या अंतिम फेरीत गेले. मला विचाराल तर दोन वर्षं किंग्ज पुढे होते, त्यानंतर पेसर्स बरेच पुढे गेले.

१२. लुका डॉन्चिचचं काय? डॅलस तर हरतही नव्हता!

म्हणूनच तो या पानावर अपवाद म्हणून आहे. २ फेब्रुवारी २०२५, रविवार, आपल्याकडे सकाळचे पावणेअकरा. मी पोह्यांवर खोबरं भुरभुरत होतो. बातमी वाचली आणि पत्रकाराचं खातं हॅक झालं असणार असं समजून फोन उलटा ठेवला. जगभर हजारो लोकांना तेच वाटलं.

आदल्या वर्षी अंतिम फेरी खेळलेल्या डॅलसने २५ वर्षांचा डॉन्चिच लेकर्सना दिला आणि ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या फेरीचा फक्त एक पिक घेतला. बाजारात बोली न लावता, एकाच ग्राहकाशी बोलून. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. संघ ३९-४३ वर संपला. मग लॉटरी लागली आणि पहिल्या पिकावर कूपर फ्लॅग मिळाला. पण चांगलं नशीब म्हणजे चांगला निर्णय नव्हे. व्यवस्थापक निको हॅरिसन यांना त्या नोव्हेंबरात काढलं.

डॉन्चिचचंही नुकसान झालं. सगळ्यात मोठा करार, ज्याला सुपरमॅक्स म्हणतात, तो सहसा मूळ संघाबरोबरच होऊ शकतो. सुमारे ३४.५ कोटी डॉलरच्या कराराची पात्रता एका रात्रीत गेली. कझिन्सचंही २०१७ मध्ये असंच झालं होतं.

१३. स्टार देऊन स्टारच घेता येत नाही का? आणि हे एप्रन काय असतं?

घेता येतो, पण असे सौदे दुर्मीळ. टोरंटोने २०१८ मध्ये ५९ सामने जिंकलेल्या संघातला लाडका डिमार डीरोझन सॅन अँटोनिओला देऊन कवाय लेनर्ड घेतला. कराराचं एकच वर्ष होतं, म्हणजे प्रश्न ६ मधला नियम घेणाऱ्याने मोडला. २०१९ चं जेतेपद मिळालं, कवाय निघून गेला आणि टोरंटोत कोणी तक्रार केली नाही. पण ही चाल शिखराजवळ पोहोचलेल्या संघाची. तळाच्या संघाने हे केलं तर एका वर्षात दोन्ही स्टार गेलेले असतात.

एप्रन म्हणजे पगाराची वरची रेघ. अशा दोन रेघा आहेत. २०२५-२६ साठी सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मूळ मर्यादा, १५.४६ कोटी डॉलर ठरली आणि दुसरा एप्रन २०.७८ कोटींवर. त्यावर गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक महाग खेळाडू घेता येत नाही, आणि दिलेल्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही. म्हणून आजकाल स्टारसाठी ग्राहकच कमी झाले आहेत. ‘अमुक संघ त्याला का घेत नाही?’ याचं उत्तर दहातल्या सहा वेळा हेच असतं.

१४. ट्रेड चांगला होता की वाईट, हे कधी ठरवायचं?

दुसऱ्या दिवशी तर नक्कीच नाही, हे मी २०१७ च्या त्या स्क्रीनशॉटवरून (प्रश्न ६) शिकलो. ज्या पेसर्सना मी हसलो, त्यांच्या ओलाडिपोने पहिल्याच वर्षी सर्वाधिक सुधारणेचा पुरस्कार घेतला आणि संघाने ४८ सामने जिंकले. सबोनिसमधून पुढे हॅलिबर्टन आला (प्रश्न ११). तिकडे ओक्लाहोमा सिटीला क्लिपर्सकडून मिळालेला २०२२ चा पिक बारावा निघाला, त्यातून जेलन विल्यम्स आला. मधली दोन वर्षं ते २२-५० आणि २४-५८ होते. आपले पिक आपल्याकडेच असल्याने त्या हरण्यातून चेट होमग्रेनही मिळाला. २०२५ च्या अंतिम फेरीत हेच दोन संघ समोरासमोर आले. सातव्या सामन्यात ओक्लाहोमा सिटी जिंकली आणि गिल्जस-अलेक्झांडर लीगचा आणि अंतिम फेरीचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन्ही संघ पॉल जॉर्जला विकून उभे राहिलेले, आणि जॉर्जच्या स्वतःच्या नावावर अजून एकही अंतिम फेरी नाही.

डेन्व्हरने २०११ मध्ये कार्मेलो अँथनी न्यूयॉर्कला दिला तेव्हा २०१६ च्या अदलाबदलीचा हक्क तळटीपेसारखा शेवटी लिहिलेला होता. त्यातून सातव्या क्रमांकावर जमाल मरे आला आणि २०२३ मध्ये जेतेपद. बारा वर्षं.

म्हणून ‘ब्रुकलिन जिंकला की न्यूयॉर्क?’ असं कोणी विचारलं, की मी त्या ब्रिजेसच्या सौद्यातला (प्रश्न ५) शेवटचा पिक दाखवतो. तो २०३१ चा आहे. त्यातून ब्रुकलिनला जो मुलगा मिळेल, तो आत्ता कुठेतरी शाळेत असेल.